शंभर पावलं आणि पाण्याची कॅन

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमच्या प्लॉटची जमीन मीच तपासली, या दोन गोष्टी आमच्याकडे कोणी एका दमात बोलत नाही.

प्लॉट कळमेश्वर रोडला. आम्ही राहायचो महाल नावाच्या जुन्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. आईचं हृदय थकलेलं. डॉक्टरांनी तिला जिने बंद सांगितले होते आणि मला बाजूला घेऊन आणखीही काही सांगितलं होतं. आईला ते न सांगताच कळलं असावं. ती म्हणाली, "घर होईन तवा होईन. जोतं तेवढं लवकर कर बाबू. आपल्या जोत्यावर बसून एक कप चहा पिते, मंग पाहू."

इंजिनिअर माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, पावसाच्या आत जोतं देतो. पण आधी जमीन पाहू. अडीच फूट खड्डा करा, आठला पाण्यानं भरून ठेवा, नऊला मी येतो. पाणी जिरलं तर खाली मुरूम, साधा पाया चालते. तसंच राहिलं तर काळी माती खोल आहे. ती पावसात फुगते, भिंती तडकवते. मग काम वेगळं."

हे मी बाबांना सांगितलं. इथंच माती खाल्ली! बाबांचं शास्त्र नेमकं उलटं निघालं. खड्डा भरायचा, शंभर पावलं चालून परत यायचं. पाणी राहिलं तर जागा लाभते.

"आणि जिरलं तर?" मी विचारलं.

"तर इकून टाकू प्लॉट! खराब जागेत तुह्या मायले नाही ठेवाचं मले."

खड्डा मी स्वतः खणला (तळहाताला सात फोड). आईनं हट्टच धरला, म्हणून तिला चौघांनी खुर्चीत बसवून, मिरवणूक निघाल्यासारखं खाली उतरवलं. ती ऑटोत बसून राहिली. आठला खड्डा भरला, बाबांनी हळद-कुंकू वाहिलं आणि काठी टेकत, मोठ्यानं मोजत निघाले. चाळीसावर दगडावर बसून चांगला अर्धा तास दम घेतला. पंचेचाळीसावर आकडा विसरले आणि पुन्हा चाळीसपासून सुरू केलं!

इकडे पाणी गटागटा खाली चाललेलं! विज्ञानाच्या हिशोबानं मी नाचायला हवं होतं. पण मला दिसत होती फक्त बाबांची पाठ आणि हातचा जाणारा प्लॉट. शेजारी वीस लिटरची कॅन होती. मी ती ओतली. मग दुसरीही.

बाबा परतले. खड्डा काठोकाठ! "राह्यलं वं, राह्यलं!" ते ऑटोकडे बघून ओरडले. आई हसली. दोघं आनंदात घरी निघाले, ऑटो वळला आणि समोरून इंजिनिअरची मोटरसायकल आली. जन्मात पहिल्यांदा एक इंजिनिअर वेळेवर आला होता!

"आठला भरलं होतं ना सर?"

"हो." (खोटं नव्हतं. पहिल्यांदा आठलाच भरलं होतं.)

त्यानं गढूळ पाण्यात काठी बुडवली, मान हलवली. "तासाभरात चार बोटंही नाही जिरलं! घाई नको सर. पावसाळा जाऊ द्या, मग मशीननं खोल भोक पाडून पाहू."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण याच पोराच्या प्रयोगवहीतली मनानं रचलेली निरीक्षणं मी कधीकाळी लाल शाईनं खोडली होती. त्याच्यासमोर तोंड उघडेना. उद्या सांगू म्हटलं. परवा सांगू म्हटलं. मग पाऊस लागला.

आई भाद्रपदात गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं एकदाच विचारलं, "जोत्याचं काय झालं बाबू?" मी म्हणालो, "होऊन राहिलं आई." इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

दिवाळीनंतर मशीन आलं. अडीच फुटांखाली मुरूम लागला, पक्का. इंजिनिअर बुचकळ्यात पडला. "सर, इथं तर उन्हाळ्यातच जोतं झालं असतं!"

मी तिथंच खाली बसलो आणि बाबांच्या देखत सगळं सांगून टाकलं. वाटलं, काठी बसणार. बाबांनी नुसता चष्मा काढून पुसला.

"मले ठाऊक हाये. साठाव्या पावलावर मागं वळून पाह्यलं म्या. तू कॅन ओतून राहिला होता."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुह्या मायनं ऑटोतून हात हलवला, चूप राहा म्हणून. घरी आल्यावर म्हणे, पोरानं माह्यासाठी केलं, त्याले लाज वाटन, काही बोलू नका. लय हासली त्या दिवशी." बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मले वाटलं, इंजिनिअरले तू खरं सांगतलंच असशील, तरी तो थांबा म्हणते. मास्तर होय ना गा तू!"

म्हणजे कॅनची गोष्ट आईला ठाऊक होती, बाबांना ठाऊक होती, ऑटोवाल्यालाही असणार. ठाऊक नव्हती ती एकट्या इंजिनिअरला, आणि त्याला सांगायचं काम तेवढं माझ्याकडे होतं!