रोह्याला एकाच थरात भरलेली दाढ

पेणला माझा दातांचा दवाखाना होता आणि मंगळवार-शुक्रवार मी रोह्याला जात असे. दोन्हीकडे खुर्ची सारखी, औजारं सारखी, दातात भरायचं पांढरं द्रव्यही एकाच डबीतलं. फरक माझ्या हातात होता. तो इथे लिहून ठेवतो, कारण माझ्याशिवाय तो कुणाला माहीत नाही.

चांदी मागे पडून ही पांढरी भरणी आपल्याकडे नुकती आली होती, तेव्हाची गोष्ट. हे द्रव्य मऊ असतं. निळ्या प्रकाशाचा दिवा धरला की घट्ट होतं. पण प्रकाश खोल पोचत नाही. म्हणून खड्डा खोल असेल तर तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीचे थर द्यायचे. एक थर दाताच्या एका भिंतीला टेकवून नीट दाबायचा, दिवा धरायचा, मग पुढचा. घट्ट होताना ते थोडं आकसतं. सगळं एकदम भरलं तर तळ कच्चा राहतो आणि दाताच्या भिंती आत ओढल्या जातात.

पेणला मी थरच देत असे. तिथले शिक्षक, वकील आरसा मागून बघत, प्रश्न विचारत. रोह्याला कुणी विचारत नसे. बाकावर आठ-दहा माणसं, कंपनीची शिफ्ट सुटली की आणखी चार, आणि मला परतीची एसटी गाठायची असे. तिथे मी एकच गोळा भरून एकदाच दिवा धरू लागलो. वरून टोचणीने ठोकलं की टकटक वाजे. वीज जाते, असं कारण मी स्वतःला देत असे. ती गेलेली नसतानाही मी तेच करत होतो.

खांब गावाजवळच्या खेड्यातली एक शेतकरी बाई नवऱ्याबरोबर आली. खालची दाढ, खोल किडलेली. मी भरली. दोन महिन्यांत तुकडा पडला.

"काय खाल्लंत?" मी विचारलं.

"वाल. भाजलेले," ती म्हणाली. "आमच्या शेतातले हायत, डाक्टर. दगड नाय."

"दगडच ते," नवरा म्हणाला. "सांगून दमलो गो तुला. दिवसभर आपली म्हशीसारखी रवंथ."

"तुमच्याच खिशातनं घेते."

मी हसलो. उत्तर आयतं मिळालं होतं. कार्डावर लिहिलं : रुग्णाने कठीण पदार्थ चावल्याने भरणी तुटली.

मग उरलेली भरणी काढायला घेतली, आणि तळाशी टोचणी मेणात रुतावी तशी रुतली. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. बाहेर बाक भरलेला होता. मी खड्डा साफ केला, पुन्हा एकच गोळा भरला आणि म्हणालो, "वाल सोडा. नाहीतर दाढ जाईल."

पावसाळा संपल्यावर ती परत आली. दाढेची भिंतच उभी चिरली होती.

"शपथ घेते, एक दाणा खाल्ला नाय." हे ती मला नाही, नवऱ्याला सांगत होती.

"व्हय, व्हय," तो म्हणाला.

त्याला पटलं नव्हतं. मला पटलं होतं आणि मी गप्प राहिलो. दाढ काढली, कार्डावर तेच वाक्य पुन्हा लिहिलं. त्यानंतर रोह्यालाही थर देऊ लागलो.

दवाखाना बंद केला तेव्हा जुनी कार्डं हाती आली. गेल्या हिवाळ्यात मी तिचं गाव शोधत गेलो. नवरा वारला होता. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे वालानं नाय गेली?"

"नाही. माझी चूक. आणि ती मला तेव्हाच कळली होती."

तिने दोन-चार शेंगा सोलल्या.

"आमचे हे मरेस्तोवर म्हणत व्हते, तू चोरून खाल्लेस. चारचौघांत हसायचे," ती म्हणाली. "दाढेचं काय, आता सगळेच दात गेले. पन तेवढं त्यांच्यासमोर बोलायला हवं व्हतं तुम्ही."

तिने सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

घरी येऊन कार्डावरची दोन्ही वाक्यं खोडली. खाली लिहिलं : खोल खड्डा दोन्ही वेळा एकाच थरात भरला. दुसऱ्या वेळी रुग्णाने काहीही कठीण चावलं नव्हतं.