लखीराम आडेचे नाव

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागे जवान भवन आहे. त्र्याहत्तर साली माजी सैनिकांनी ते स्वतःच्या हातांनी बांधले. वाळू त्यांनीच वाहिली, विटाही त्यांनीच रचल्या आणि लढाईत गेलेल्या तालुक्यातील अकरा जणांची नावे काळ्या दगडावर कोरून तो दाराशी बसवला. पुढे तिथे रेशनचे धान्य आले, मतपेट्या आल्या, सिमेंटच्या गोण्या आल्या, लग्नाच्या पंगती उठल्या. सैनिक तेवढे बाहेर राहिले.

बांधणाऱ्यांपैकी आता फक्त उकंडा मुनेश्वर हयात आहेत. वय पंचाहत्तर. एकाहत्तरच्या लढाईतले छर्रे अजून त्यांच्या पायात आहेत. दगडावरचे सातवे नाव लखीराम आडे यांचे. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा हा जवान उकंडाकाकांच्याच पलटणीत होता. जखमी लखीरामला काकांनी पाठीवर घेऊन मागे आणले, पण वाटेतच तो गेला. लग्न झालेले नव्हते. आईही चार-पाच वर्षांत वारली.

गेल्या वर्षी भवनाच्या सुशोभीकरणासाठी समिती नेमली गेली. जुना दगड हलवून चकचकीत ग्रॅनाइट बसवला. त्यावर नावे दहाच. लखीरामचे नाव नाही.

चौकशी केली तेव्हा कळले की, समितीने नावे जुन्या दगडावरून उतरवलीच नव्हती. ती कुटुंब निवृत्तिवेतनाच्या यादीवरून घेतली होती. ज्या घरी पेन्शन सुरू, त्या घरचा हुतात्मा. लखीरामच्या मागे पेन्शन घ्यायला कोणी उरले नव्हते. यादी मूळ कागदाशी ताडून पाहावी, हे आम्ही कॉलेजात इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतो. इथे मूळ कागद म्हणजे दाराशी उभा असलेला दगड, आणि तो वाचण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत.

समितीचे सचिव राजदीपभाऊ म्हणाले, वारसाने अर्ज करावा, नाव टाकू.

"वारस असता तर तुमच्या यादीत नाव आलंच असतं ना, भाऊ," उकंडाकाका म्हणाले. "पेन्शन घेणारं कोणी नाही म्हणून तो मेलाच नाही काय? मंग बलावा त्याले उद्घाटनाले. मले बी भेटाचं हाये."

तरी काकांनी अर्ज केला. मी भरून दिला. 'मृताशी नाते' या रकान्यापाशी माझा पेन थांबला.

"लिह्य ना बाबू, मी त्याले पाठीवर आणलं."

मी तसेच लिहिले. चार दिवसांत अर्ज परत आला. शेरा होता: नाते विहित यादीत नाही.

मग काका जुना दगड शोधू लागले. भंगारात गेला असेल, असे समितीने सांगितले होते. तो भवनाच्या मागे मुतारीच्या नालीवर पाय ठेवायला टाकलेला सापडला. नावांची बाजू वर. दुसऱ्या दिवशी सकाळी नंतरच्या पिढीतले तीन माजी सैनिक पहारी घेऊन आले. त्यांनी दगड धुतला, लाकडी बल्ल्यांवरून सरकवत पुढे आणला आणि भवनाच्या दारासमोर, अगदी मधोमध, सिमेंट घालून उभा केला.

डिसेंबरच्या सोळा तारखेला उद्घाटन होते. सचिव धावत आले. कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग दगडाला चांगली जागा देऊ, म्हणाले.

"पन्नास वर्षांपासून तुमचा कार्यक्रमच होऊन राह्यला," काका म्हणाले आणि दगडाशेजारी खुर्ची टाकून बसले.

पाहुण्यांना हार सांभाळत अंग चोरून आत जावे लागले. भाषणांत वीरांचे गुणगान झाले. ग्रॅनाइटवर नावे दहाच राहिली.

आठवड्याने काकांना नगरपरिषदेची नोटीस आली. सार्वजनिक जागेवर विनापरवाना बांधकाम, म्हणजे अतिक्रमण. ज्या माणसाने या इमारतीची वाळू डोक्यावर वाहिली, तो अतिक्रमणदार. दगड सात दिवसांत काढावा, अन्यथा काढून टाकण्यात येईल. काकांनी हरकत नोंदवली आहे. सुनावणी येत्या मंगळवारी अकरा वाजता नगरपरिषदेत आहे. मी रजा टाकली आहे. ज्यांना त्या दगडावरची अकरा नावे वाचता येतात, त्यांनी साडेदहालाच यावे.