ओल्या फडक्यातली मेणाची वडी

१० मे २०२२, दुपारी सव्वाबारा वाजता मंद्रूपचे एक गृहस्थ सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मुलीच्या गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी घेऊन आले. उन्हाने मेण वितळेल या भीतीने त्यांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली होती. "एसटीत मांडीवरनं खाली ठिवला न्हाई बगा, मॅडम," ते म्हणाले. डब्याला शेंगाचटणीचा वास होता. त्या तुकड्यात केआय-६७ तपासायचे होते; हे प्रथिन केवळ विभाजनाच्या चक्रातल्या पेशींत सापडते. अशा पेशी जितक्या जास्त, तितका कर्करोग वेगाने वाढणारा. तिसऱ्या दिवशी मी रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हे प्रथिन असलेली केंद्रके तपकिरी दिसतात, बाकीची निळी, आणि निळे असे जवळजवळ काही उरलेच नव्हते. तपकिरी केंद्रकांचे प्रमाण मी दुसऱ्यांदा मोजले. आकडा तोच आला. मुलीचे वडील निकालासाठी येऊन बाहेर बाकावर बसले होते. "टक्के किती पडले?" मी आकडा सांगितला. त्यांचा चेहरा उजळला. "लई झाले की. बारावीला बी एवढे न्हवते पडले तिला, तरी नर्सिंगला लागली." अर्थ डॉक्टर समजावतील, एवढेच मी म्हणाले, माझ्या अधिकारात तेवढेच होते. त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावून आकडा सांगितला. मग फोन कानावरून काढून ते पडद्याकडे बघू लागले. "रेंज न्हाई वाटतं," म्हणत त्यांनी तो पुन्हा, मोठ्याने सांगितला. आजही कुणी शेंगाचटणीचा डबा उघडला, की मला त्या अहवालातली माझी शेवटची नोंद दिसते: ब्याण्णव टक्के.