रिक्षा बोंबलांपाशीच बंद पडते

रेवदंड्याच्या नाक्यावरचा हा रिक्षावाला हॉर्न क्वचितच वाजवतो, कारण त्याचा आवाजच त्याहून मोठा आहे. "बाई, हितं जगायला काय लागतंय? होडी लागली की ताजं म्हावरं, परसात नारल, इहिरीला गोडं पानी!" गेली दोन वर्षं शाळेत जाताना मी हे रोज ऐकते, आणि तो रोज पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगतो.

काल मात्र कमाल झाली. माझ्या शेजारी मुंबईचं एक जोडपं बसलं होतं, प्लॉट बघायला आलेलं. बोंबील वाळत घातलेल्या मैदानापाशी रिक्षा गचका देऊन बंद पडली, तीही ऐन वाऱ्याच्या तोंडावर. दोघांनी नाकाला रुमाल लावले. हा गंभीरपणे म्हणाला, "वास बाराही म्हयनं असाच. पानी खारट, लाईट टिकत न्हाय, डास तर उचलून नेतील!" दोघं उतरले आणि मागून आलेल्या अलिबागच्या एसटीत चढले.

एसटी दिसेनाशी होताच रिक्षा एका झटक्यात सुरू झाली. "असे धा जन आले की घरभाडं दुप्पट व्हतंय, बाई. मंग आमी ऱ्हायचं कुठं?"

मी पोट धरून हसले. हसता हसता आठवलं, दोन वर्षांपूर्वी भाड्याची खोली शोधायला आले तेव्हाही मी याच रिक्षात बसले होते. त्या दिवशी त्यानं बोंबलांचं मैदान टाळून मुद्दाम लांबचा रस्ता धरून मला नारळीच्या सावलीतून नेलं होतं.