पिशवीतली डांगरं

"मग पिशवीच्या आत डांगर धरलंच कसं?"

"धरलं तर धरलं. वाईट काय झालं त्यात?"

"वाईटच झालं, आत्या! गळायला पाहिजे होतं ते. पिवळं पडून गळायला!"

"गळायला? मग लावायचं कशाला?"

सायली मळ्यात उकिडवी बसली होती. नववीतली पोर, गंगापूर रोडवरच्या शाळेचा निळा स्कर्ट, गुडघ्याला माती. समोर लाल भोपळ्याच्या वेलावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी, आणि पिशवीत लिंबाएवढं, गुबगुबीत, हिरवंगार डांगर. अशा पिशव्या दहा. डांगरंही दहा.

कुसाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. माहेर कळवणकडचं, मखमलाबादच्या या मळ्यात लग्न होऊन आल्या त्याला तीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. नवरा, बहिरूभाऊ, जाऊन पाच वर्षं झाली. दिराने आपला अर्धा वाटा विकला, तिथे बंगले उभे राहिले, त्यांची फाटकं कायम लावलेली. दिवसभरात कुसाबाईंचं बोलणं व्हायचं ते भाजी न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्या लहानूशी. तेही "झाल्या का जुड्या?" "झाल्या" एवढंच. मग टेम्पो जायचा.

आजूबाजूच्या द्राक्षबागांत फवारण्या वाढल्या, मधमाश्या कमी झाल्या, तेव्हापासून माश्यांचं काम त्याच करत. उजाडता उजाडता खाली फळ नसलेलं फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, उरलेला पिवळा दांडा बारीक डांगर असलेल्या फुलात हलकेच टेकवायचा. दहाच्या आत सगळा मळा उरकायचा, कारण नंतर फुलं मिटतात.

यंदा, नव्व्याण्णवच्या दिवाळीत, भाऊ महेश भाऊबीजेला आला तो लेकीला घेऊन. लेक तोंड पाडून बसलेली. शाळेचं विज्ञान प्रदर्शन. जीवशास्त्राचा प्रकल्प निवडायचा, आणि वर्गात हृदय, डोळा, किडनी सगळं वाटून गेलेलं.

"आणि फूल?" कुसाबाईंनी विचारलं होतं. "फूल कोणी घेतलं का?"

त्यांनी तिला वेलाकडे नेऊन दोन्ही प्रकारची फुलं दाखवली. अर्ध्या तासाने सायली ओरडत आली, "बाबा, माझं ठरलं!" दहा कळ्यांना पिशव्या, दहा उघड्या. माशी पोचली नाही तर फळ धरत नाही, हे दाखवायचं.

तेव्हापासून रोज सकाळी सायकल यायची. कुसाबाईंनी फळीवरची दुसरी कपबशी खाली काढली. रात्री पडल्या पडल्या त्या सायलीला सांगायच्या गोष्टी जमवून ठेवत.

"खरं सांग, आत्या. पिशव्या सोडल्या होत्यास?"

"सोडल्या न् परत बांधल्या. तुझ्यासारखीच गाठ मारली."

"आत्या!"

"हात जातो गं, त्याला काय करू? भाऊबीजेला तू सांजचं बांधून गेली. सकाळी बघते तर फुलं जाळीच्या आत उमलून बसलेली. कोणीच यायचं नाय त्यांच्याकडं."

"तेच तर दाखवायचं होतं!"

"त्यासाठी फूल कशाला वाया घालवायचं? मला इचार, मी सांगते की."

"परीक्षक तुला विचारायला मखमलाबादला येणार आहेत का?"

"येऊ दे. चहा करीन."

सायलीला हसू फुटत होतं. तिने ओठ चावला आणि वही मिटली.

"आज प्रतिभा मॅडमना प्रकल्पाचं नाव पक्कं सांगायचंय. शुभांगीच्या किडनीत एक जागा आहे."

"कशात?"

"किडनीत. थर्मोकोलची करतेय ती. लाल-निळे दिवे लावणार आहे. गेल्या वर्षी तसंच हृदय पहिलं आलं होतं."

"म्हंजे मग रोज तिच्याकडं?"

"हो. तिच्या घरी."

कुसाबाई साडी खोचून वाफ्याच्या पार टोकाला गेल्या, वाकून पानं बाजूला करू लागल्या.

"इकडं ये. ये तर. ह्या बघ, उद्या-परवा उमलतील. पाच, सहा... आठ हायेत. तुझ्या त्या प्रदर्शनाला किती दिवस?"

"अकरा."

"मग पुष्कळ झाले. बांध पिशव्या. आत्ता बांध."

"आणि तू पुन्हा—"

"नाय लावणार हात."

"सवयीने लावशील."

"घरात बसंन. तू आल्याबिगर कडी काढणार नाय. तूच येऊन हाक मार, मग निघंन." त्यांनी एक कळी दोन बोटांत धरली आणि लगेच सोडली. "गळू दे. आठच्या आठ गळू दे."

पिशव्यांना हात न लावता सायलीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. वही दप्तरात कोंबली. बांधावर आडवी टाकलेली सायकल उभी केली.

"भाकरी दोघींची टाकते उद्या. येशील ना?"

सायकल वाफ्यांमधल्या पायवाटेने खडखडत निघाली.

"सायले, येशील ना गं?"

डांबरी रस्ता लागताच सायली सीटवर बसली आणि मागे न पाहता पायडल मारत शाळेच्या दिशेने निघून गेली.