पहिल्या सिरिंजमधली मज्जा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. पण सांगते.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातलं हे. मी तिथल्या एका दवाखान्यात रक्ताच्या आजारांची डॉक्टर होते. उदगीरच्या मन्मथअप्पांची गौरी — सात वर्षांची, ल्युकेमियाची — पहिले उपचार संपवून आली होती. आता बघायचं होतं, की आजाराच्या पेशी कुठं दडून उरल्यात का. हजारो निरोगी पेशींत एखादीच असते, सूक्ष्मदर्शकाला ती सापडत नाही. म्हणून कमरेच्या हाडातून मज्जा काढून मुंबईला पाठवायची. तिथलं यंत्र एकेक पेशी तपासतं. नियम एकच — पहिल्या सिरिंजमधली मज्जा मुंबईच्या नळीत. नंतरच्या सिरिंजमध्ये रक्त मिसळतं आणि जे शोधायचं तेच विरून जातं.

हे मला माहीत नव्हतं का? मीच तर इतरांना शिकवायचे. चुकले की झापायचेही.

त्या दिवशी — जुनी सवय म्हणा — पहिली सिरिंज मी काचपट्ट्यांवर आणि दुसऱ्याच एका बाटलीत संपवून टाकली. लक्षात आलं तेव्हा हातात दुसरी होती, पातळ, लालभडक. पहिल्या जागेच्या शेजारी पुन्हा टोचायला हवं होतं. पण एकदाच टोचणार असा गौरीला शब्द दिला होता ना! — छे, शब्दाचं कसलं घेऊन बसले. सिस्टरसमोर चूक कबूल करायची लाज वाटली, इतकंच. पाणी नव्हतं, साहित्य धुण्यावरून ओरड होती, हेही खरं. तरी निर्जंतुक सुई कपाटात होती. मी ती पाहिली, आणि दुसरी सिरिंज नळीत भरली.

रिपोर्ट आला — पेशी आढळल्या नाहीत. अप्पांनी पेढे आणले. मी खाल्ला. त्या रिपोर्टवर विसंबून गौरीला सौम्य औषधांवर ठेवलं, तेही मीच.

वर्षाच्या आत आजार उलटला.

अप्पा माझ्यासमोर बसले होते, टोपी हातात घेऊन. म्हणाले, "म्याडम, माहूरला देवीला गेलतो तवा एक दिवसाची गोळी ऱ्हायली व्हती. त्यानंच झालं का वो?"

एका गोळीनं असं होत नाही. मला माहीत होतं. पुन्हा टोचलं असतं तर ती वाचली असती? सांगता येत नाही — आणि या 'सांगता येत नाही'च्या आड मी बरीच वर्षं लपले. पण अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर तर देता येत होतं! मी म्हणाले, "औषध चुकवायचं नसतं, अप्पा."

त्यांनी मान खाली घातली. "हाव. माझंच चुकलं."

गौरी गेली. अप्पा अजून उदगीरला त्यांच्या किराणा दुकानात बसतात. कुणाचं लेकरू आजारी आहे असं कळलं, की आवर्जून सांगतात म्हणे — गोळी चुकवू नका, माझी पोरगी त्यानंच गेली.