साडेआठशे जणांच्या वजनाची खुर्ची

"आधी वजन सांगा, मग लाकूड सांगते."

रंधाताईच्या तोंडून हे वाक्य दिवसातून वीस वेळा निघायचं. कपाट करून घ्यायला कोणी आलं की ती आधी त्यात काय ठेवणार ते विचारायची. पलंग करून घ्यायला जोडपं आलं तर दोघांकडे आळीपाळीने बघून वजन विचारायची, आणि बायको हसू दाबत नवऱ्याच्या पोटाकडे बोट दाखवायची. एकदा शेजारीण मुलीच्या परगावच्या नोकरीबद्दल सल्ला मागायला आली, तिलाही ताईने हेच ऐकवलं. शेजारीण म्हणाली, "अगं, मी मुलीबद्दल बोलतेय." ताई म्हणाली, "मीपण."

रंधा म्हणजे लाकडाच्या गाठी आणि खडबड तासून काढायचं हत्यार. ताईची जीभही तेच काम करायची, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव तिच्या बहिणीला आठवत असेल, पण तीही ते कधी वापरत नसे. वडील सुतार होते, त्यांच्यामागे दुकान हिने चालवलं. लांबट खोली, एका भिंतीला करवती, दुसऱ्या भिंतीला टेकलेल्या फळ्या, आणि घोट्यापर्यंत भुसा. त्या भुशात ताई अशी चालायची की जणू दुसऱ्या कोणत्या जमिनीवर तिला चालताच येत नाही. कानामागे पेन्सिल, केसांत लाकडाची सालपटं. शाळेत ती सहावीपर्यंत गेली होती. पाढे तिचे असे पाठ होते की मास्तरांनी एकदा सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "ही पोर हुशार आहे." ताई ही गोष्ट सांगून वर म्हणायची, "हुशार आहे म्हणाले, आणि सगळे आपापल्या घरी गेले." आणि खदाखदा हसायची.

तर या ताईच्या दुकानात एका सोमवारी शाळेचे हेडमास्तर आले.

"एक खुर्ची हवी," ते म्हणाले. "खास. एका मुलीसाठी."

"वजन?"

"मुलगी सातवीत आहे. तीस किलो म्हणजे फार झालं."

"मग एवढ्याशा खुर्चीसाठी तुम्ही स्वतः कशाला आलात? शिपायाच्या हाती चिठ्ठी द्यायची."

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "ताई, तीस किलो तिचं. पण तिच्यावर साऱ्या शाळेच्या अपेक्षा आहेत."

"साऱ्या म्हणजे किती?"

"साडेआठशे मुलं. बावीस शिक्षक. शिवाय तिचे वडील."

ताईने कानामागची पेन्सिल काढली आणि समोरच्या फळीवर लिहिलं, साडेआठशे, बावीस आणि एक सलूनवाला. वडिलांना ती ओळखत होती. त्यांना सगळेच ओळखत होते, कारण हा गृहस्थ गिऱ्हाइकाची दाढी अर्धी झाली की वस्तरा गळ्याशी धरून म्हणायचा, "कोणताही मोठा आकडा सांगा, माझी मुलगी गुणाकार करून दाखवेल." गळ्याशी वस्तरा असताना नको म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मग मुलीला घरातून हाक जायची, आणि ती खाली मान घालून गुणाकार सांगून परत जायची.

ही मुलगी खरंच वेगळी होती. सातवीचं गणिताचं पुस्तक तिने दोन आठवड्यांत संपवलं आणि उरलेलं वर्ष काय करायचं ते न कळून पुढच्या मुलीच्या वेणीला गाठी मारत बसली. गणिताच्या बाईंनी त्या गाठी पाहिल्या, वहीची मागची पानं पाहिली, आणि हेडमास्तरांच्या मागे लागून तिला गणिताच्या तासापुरतं दहावीत बसवलं. दहावीच्या मुलांनी तिचं नाव ठेवलं दशांश. तिला ते आवडलं. वर्ग आवडला, तिथली गणितं तर फारच आवडली. आवडलं नाही ते एवढंच, की पाहुणा कोणीही येवो, हेडमास्तर तिला बोलावून म्हणायचे, "ही पाहा आमची." मग पाहुणा प्रश्न विचारायचा आणि दशांशची दातखीळ बसायची. उत्तर येत असायचं, तोंडातून निघायचं नाही. चार वेळा असं झालं. आता शिक्षणखात्याचे साहेब पुढच्या आठवड्यात गुरुवारी अकराला येणार होते. सातवीतली मुलगी दहावीत बसवणं नियमात बसतं की नाही, ते तेच ठरवणार होते. ती त्यांच्यापुढे गप्प राहिली की पुन्हा खाली, पुन्हा वेण्या. आणि दशांशने बाईंना आधीच सांगून टाकलं होतं, "गुरुवारनंतर मी येणार नाही. मला माहितीय मी गप्प बसणार आहे."

खुर्ची पाहून तिला हुरूप येईल, अशी हेडमास्तरांची कल्पना.

"मुलीला पाठवा. माप घेते," ताई म्हणाली.

"छे, तिला कळता कामा नये. एकदम समोर आणायची."

"बसणाऱ्याला न मोजता मी आजवर काही केलेलं नाही."

"अहो, वजन सांगितलं ना मी?"

इथे ताई हरली. वजन त्यांनी सांगितलंच होतं, आणि तिच्या शब्दाप्रमाणे आता लाकूड तिने सांगायचं होतं. तिने सागवान सांगितलं.

नऊ दिवस दुकानातून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. साडेआठशे मुलं, बावीस शिक्षक आणि एक सलूनवाला पेलायचा तर पाय मनगटाएवढे चालत नाहीत, मांडीएवढे लागतात. एवढे पाय दिले की बैठक तशी हवी, बैठकीला शोभेल असे हात हवेत, आणि मागे पाच फुटी पाठ. ताई एकेका सांध्यावर हात फिरवायची आणि एकटीच हसायची. यात थट्टा किती आणि हट्ट किती, ते तिचं तिलाच माहीत. काम मात्र असं झालं की बघणाऱ्याने बघत राहावं. हातावर गाल ठेवला तर लाकूड गार आणि मऊ लागायचं.

गुरुवारी सकाळी खुर्ची हातगाडीवरून निघाली. गाडीवाल्याने विचारलं, "ताई, यावर कोण बसणार?"

"सातवीतली मुलगी."

गाडीवाल्याने मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "काय खाते हो ती?"

शाळेत दोन शिपाई मदतीला आले. चौघांनी मिळून खुर्ची पायऱ्या चढवली, लांब व्हरांड्यातून ढकलत दहावीच्या दारापर्यंत नेली, आणि दारात ती अडकली.

अडकली म्हणजे साधी नाही. एक हात आत, एक बाहेर, पाठ चौकटीला तिरपी, पाय हवेत. पुढे सरकेना, मागे सरकेना. ताईने टेप काढून दार मोजलं, मग खुर्ची मोजली आणि टेप मिटला. "दारापेक्षा अर्धा फूट रुंद," ती म्हणाली. "सगळं मोजलं मी. दार मोजायचं राहिलं." आणि तिला असं हसू फुटलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आत दहावीचा अख्खा वर्ग आणि गणिताच्या बाई कोंडलेल्या. बाहेर हेडमास्तर घड्याळाकडे बघतायत. पावणेअकरा.

"करवत आणू?" एका शिपायाने विचारलं.

"माझ्या खुर्चीला करवत लावशील तर तुलाच तासेन," ताई म्हणाली.

"मग चौकट कापू?"

"शाळेच्या चौकटीला हात लावायचा नाही," हेडमास्तर म्हणाले.

तेवढ्यात सातवीच्या वर्गातून दशांश आली, दप्तर पोटाशी धरून, फाशी जाणाऱ्या माणसाच्या चालीने. दारातला प्रकार तिने पाहिला आणि थांबली. मान एका खांद्यावर कलली. मग दुसऱ्या.

"ही कोणासाठी आहे?" तिने विचारलं.

ताई डोळे पुसत म्हणाली, "ते नंतर बघू. आत कशी न्यायची ते सांगतेस का? मी सुतार, माझी अक्कल संपली."

दशांशने दप्तर खाली ठेवलं, ताईच्या हातातून टेप घेतला आणि सरळ खुर्चीखाली शिरली. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते. खालून आकडे येऊ लागले. मग हात बाहेर आला, "खडू," आणि आतून बाईंनी बैठकीवरून खडू सरकवला. दशांशने व्हरांड्याच्या फरशीवर दार काढलं, खुर्ची काढली, पुसली, पुन्हा काढली.

"आडवी करा," ती खालून ओरडली. "कुशीवर. आधी पाठ आत, मग चौकटीला धरून वळवायची, मग पाय आपोआप येतील. हात आधी आत घातलात म्हणून अडकली. दादा लोक, आतून ढकला, आधी ती बाहेर सोडवायला हवी."

"आम्ही ढकलतोय कधीचे," दहावीतला एक जण आतून म्हणाला.

"चुकीच्या बाजूने ढकलताय."

"ऐका रे दशांशचं," दुसरा म्हणाला, आणि सगळी पोरं हसत एका बाजूला आली.

अकराला दोन मिनिटं असताना साहेब आले. बारीक अंगाचे, हातात कागदांची फाईल. हेडमास्तर दोन्ही हात पसरून खुर्चीपुढे उभे राहिले, पण पाच फुटी पाठ काही त्यांच्यामागे लपेना.

"ती हुशार मुलगी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

हेडमास्तरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "ती... खाली आहे, साहेब."

साहेबांनी वाकून दोन पाय पाहिले. ते काही विचारणार, एवढ्यात खालून आवाज आला, "तिकडे कोण रिकामं उभं आहे? काका, तुम्ही. तो मागचा पाय धरा. नाही, तो नाही, डावीकडचा."

साहेबांनी फाईल हेडमास्तरांच्या हातात दिली आणि डावीकडचा पाय धरला.

"मी तीन म्हटलं की वळवायचं. काका, तुम्ही भिंतीकडे चाला. भिंतीकडे, काका."

साहेब भिंतीकडे चालले. खुर्ची सुटली, कुशीवर झाली, पाठ दारात शिरली. मग ते थोराड लाकूड चौकटीभोवती असं वळलं, जणू अंगात हाडच नाही. एक पाय आला, दुसरा आला, आणि खुर्ची वर्गाच्या मधोमध चारी पायांवर उभी राहिली. पोरांनी बाकं वाजवली. गाडीवाल्याने स्वतःशीच हस्तांदोलन केल्यासारखे दोन्ही हात एकमेकांत धरून हलवले. साहेबांच्या सदऱ्यावर चौकटीचा रंग लागला होता आणि ते धापा टाकत हसत होते.

दशांश खडूने पांढरी झालेली उभी होती. तिने खुर्चीभोवती एक फेरी मारली, समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, "आता बाहेर काढायची. ते सोपं आहे, हेच उलट्या क्रमाने."

"बाहेर?" हेडमास्तरांचा आवाज चिरकला. "अगं, तुझ्यासाठी आणलीय ती."

"मला नकोय."

"मग आत कशाला घेतलीस?" साहेबांनी विचारलं.

"येते की नाही ते बघायचं होतं."

रंधाताई मटकन बाकावर बसली. हसून हसून तिची पुरेवाट झाली. साहेबही हसू लागले, आणि हेडमास्तरांना वाटलं आता हसायला हरकत नाही, म्हणून ते उत्साहाने पुढे होऊन म्हणाले, "साहेब, ही पाहा आमची. बाळ, हे शिक्षणखात्याचे साहेब. विचारा, साहेब, हवं ते विचारा."

दशांशने काकांकडे पाहिलं. काका साहेब झाले होते. तिचा चेहरा बघता बघता मिटला.

"तुला इथे बसायला काय लागेल, मुली?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी मूठ आवळली. हेडमास्तर पुटपुटले, "बोल ना." ती फरशीकडे बघत राहिली.

ताई उठली. साहेबांच्या आणि तिच्या मधे जाऊन पाठमोरी उभी राहिली, रुंद पाठीने सगळं खातं झाकून टाकलं. "तुझा नेहमीचा बाक दाखव," ती म्हणाली. "बस. माप घ्यायचं राहिलंय माझं. पाय पोचतात का?"

"नाही." अगदी हळू. "लोंबकळतात. मुंग्या येतात. मग निम्म्या तासाला गणित सुटतं."

"किती कमी पडतात?"

"नऊ इंच. मी मोजलंय."

"मग एक फळी पायाखाली. आणखी काय खुपतं?"

दशांशने विचार केला. ताईचा टेप तिच्या टाचेपाशी होता, त्याच्याकडे बघत ती बोलू लागली, आणि लागली ती लागलीच. पाहुणे आले की मला बोलवू नका. चूक आली तर दिवसभर सगळे त्याबद्दल बोलतात, तसं नको. आमच्या चित्रकलेच्या तासाला हे गणित ठेवू नका, तेव्हा मला माझ्याच वर्गात बसायचंय, तिथे माझी मैत्रीण आहे. बाईंनी मला न येणारं गणित द्यावं, येणारं नको. आणि बाबांना सांगा, दाढी करताना फक्त दाढी करायची.

"एवढंच?" ताईने विचारलं.

"एवढंच."

ताईच्या पाठीमागे साहेब हेडमास्तरांकडून परत घेतलेली फाईल गुडघ्यावर ठेवून भराभर लिहीत होते. शेवटच्या वाक्याला त्यांनी हनुवटी चाचपून पाहिली, कारण सकाळीच ते त्या सलूनमध्ये बसून आले होते. मग त्यांनी कागद बाईंना दिला. दहावीत बसायची परवानगी वर्षअखेरपर्यंत, आणि खाली एकेक करून तिच्या सगळ्या मागण्या, दाढीसकट.

"आणि या खुर्चीचं काय करायचं?" हेडमास्तरांनी केविलवाणं विचारलं.

"नेते परत," ताई म्हणाली. "हिच्यात निदान तीस फळ्या निघतील. पाय न पोचणारी पोरं तुमच्याकडे आणखीही असतील. या वेळी मोजून घेईन. पोरांना आणि दारांना."

खुर्ची उलट्या क्रमाने दोन मिनिटांत बाहेर आली. डावीकडचा पाय साहेबांनी न सांगता धरला.

मग ताई निघाली. पुढे गाडीवाला, गाडीवर ती जंगी खुर्ची, मागे ताई, एक हात खुर्चीच्या हातावर ठेवून. मैदानाच्या मध्यावर तिला काहीतरी आठवलं असावं, कारण तिचे खांदे हलू लागले आणि तिला थांबून कमरेवर हात ठेवावे लागले. हेडमास्तर व्हरांड्यातून बघत होते, साहेब त्यांच्या शेजारून, दोघे शिपाई पायऱ्यांवरून. दहावीची पोरं खिडक्यांना लटकली होती, आणि ताई फाटकाबाहेर वळेपर्यंत हात हलवत होती.

दशांशने तेवढं पाहिलं नाही. बाईंनी फळ्यावर एक गणित लिहिलं होतं, ते तिला येत नव्हतं.